शेवटच्या फेरीतला जोर

शोल्पानच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. पत्र वसंतात आलं होतं, माझी बायको कुल्यान गेल्यानंतरच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण होऊन पाहुणे पांगले त्याच आठवड्यात. घरात अजून उकडलेल्या मटणाचा आणि परक्या कोटांचा वास होता. मुलीने जाताना धुऊन ठेवलेले चहाचे वाडगे ओट्यावर पालथे पडले होते आणि ते जागेवर ठेवायचं मला सुचत नव्हतं. त्या वाडग्यांशेजारीच मी पाकीट उघडलं. पत्र हाताने लिहिलेलं होतं, कारण माझ्याकडे कॉम्प्युटर नाही हे तिला ठाऊक. कुल्यानबद्दल दोनच ओळी होत्या, पण त्या दोन ओळींवर शाई जरा फुटली होती. यंत्रं बघायला परदेशात होते, मातीला येता आलं नाही, माफ करा. मग खाली: ‘अगाय, आमचा दूध-दह्याचा धंदा आता मोठा झालाय. हल्ली सगळ्या कंपन्या खेळाडूंना बोलावून विचारतात, ध्येय कसं ठरवायचं. मी परक्याला कशाला बोलावू? मला ज्याने ध्येय ठरवायला शिकवलं तो माणूस याच शहरात पुस्तकांच्या ढिगात बसलाय. शरदात आमचं वर्षाचं जेवण असतं. या, आमच्या लोकांना दोन शब्द सांगा, आणि वरच्या जागी बसून आमच्या नव्या आकड्याला दुआ द्या.’ अगाय म्हणजे मास्तर. मला सगळे तेच म्हणतात. मी लगेच उत्तर लिहायला बसलो. ‘प्रिय शोल्पान’ लिहिलं. पुढच्या ओळीत ‘ध्येय’ हा शब्द आला आणि पेन थांबलं. आमच्या घरात शेवटच्या काही महिन्यांत त्या शब्दाला एक वेगळाच अर्थ आला होता, आणि तो तिला कसा कळवावा हे मला कळेना. कागद पुस्तकात ठेवला. नंतर दुसरा कागद घेतला, तोही दुसऱ्या पुस्तकात गेला. माझ्या घरात पुस्तकं पुष्कळ आहेत.

शरदात ती स्वतःच आली. दार उघडलं तर समोर उंच, रुंद खांद्यांची बाई, केसांत पांढरं आलेलं, आणि तीच मान किंचित पुढे काढून उभं राहण्याची जुनी सवय. ‘‘जिवंत आहात ना, अगाय? पत्राला उत्तर नाही, फोन उचलत नाही. म्हटलं, एखादं कपाट अंगावर पडलं असेल.’’ मी चहा टाकतो म्हणालो. ‘‘चहा आमच्याकडे. कोट घाला. नाही हो, तो नको, तो माझ्याहून म्हातारा आहे. कुल्यानआपांनी तुम्हाला करडा शिवून घेतला होता ना, तो घाला.’’ तिला तो कोट आठवत होता. मी मुकाट्याने करडा कोट घातला. जिना उतरताना ती पुढे आणि मी मागे, आणि मी सवयीप्रमाणे तिचे गुडघे बघत होतो. पन्नाशी उलटलेल्या बाईचे गुडघे बघत जिना उतरणारा म्हातारा लोकांना कसा दिसेल ते सोडा; माझी नजर तीच आहे. डावा, उजवा, डावा, उजवा. दोन्ही सारखे वाकत होते. कठड्याला हात नव्हता. मला आतून एवढा आनंद झाला, की मी एक पायरी चुकलो आणि तिनेच मला दंडाला धरून सावरलं. तो डावा गुडघा माझ्या आयुष्यातलं एकमेव बरं काम आहे, असं मी तोवर धरून चाललो होतो.

मी कधी खेळाडू नव्हतो. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण कंपनीत माझी ओळख करून देताना शोल्पान ‘आमचे प्रशिक्षक’ म्हणाली आणि मी कानकोंडा झालो. प्रशिक्षक दुसरे होते, जाडजूड, शिट्टी फुंकणारे. मी क्रीडा संस्थेत आकडे काढणारा. डोंगरातल्या त्या बर्फाच्या मैदानावर मुलं-मुली स्केट्स घालून गोल गोल धावायची आणि मी काठावर लोकरी टोपीत स्टॉपवॉच घेऊन उभा. कुणाच्या अंगात किती आहे, कधी किती बाहेर काढायचं, कधी झाकून ठेवायचं, हे मी कागदावर मांडायचो. स्वतः बर्फावर उभा राहिलो की कुल्यान हसून खाली बसायची. ती आमच्या संघाची डॉक्टर होती. ‘‘बघा, बघा, पुस्तकातला माणूस चालायला लागला,’’ ती मुलींना ओरडून सांगायची. कपडे बदलायच्या खोलीत एक काळा फळा होता. त्यावर प्रत्येकाच्या नावापुढे मी खडूने फेरीच्या वेगाचा आकडा लिहायचो आणि थोड्या दिवसांनी तो पुसून नवा लिहायचो. कुणाला ताप आला, कुणाचं घरून पत्र आलं, कुणी नीट झोपलं नाही, की आकडा बदलायचा. मोठं पदक आम्ही तिथे कधी लिहिलं नाही. पदक चार परक्या मुलींच्या पायांवर अवलंबून असतं, त्याचं ध्येय कसं ठेवणार? आपल्या हातात फक्त आपली पुढची फेरी. मला हे फार मोठं शहाणपण वाटायचं, असं नाही. मला ते फक्त बरोबर वाटायचं, जसं बेरीज बरोबर येते तसं.

म्हणून शोल्पानच्या कंपनीच्या पॅसेजमध्ये मी दचकलो. संपूर्ण भिंतभर काच, आणि काचेवर छापलेला एक प्रचंड आकडा. पुढच्या वर्षी किती दूध, किती दही, किती कुर्त, म्हणजे वाळवलेल्या दह्याचे खडे, विकायचे त्याचा. त्याखाली माणसांची नावं, नावांपुढे हिरव्या आणि लाल पट्ट्या. ‘‘हे तुमचंच आहे,’’ ती म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. ‘‘त्या खोलीतला फळा. फक्त आपला जरा मोठा केला.’’ मी चष्मा पुसला. काचेवरून बोट फिरवून पाहिलं. अक्षरं काचेच्या आत होती, बाहेरून काहीच निघणार नव्हतं. मला विचारायचं होतं, कुणी आजारी पडलं तर हे पुसायचं कसं? पण मी नेहमीसारखं दुसरंच बोललो. म्हणालो, ‘‘काच फार स्वच्छ आहे.’’ ती हसली. ‘‘दुप्पट आहे, अगाय. गेल्या वर्षीच्या दुप्पट. सगळे म्हणतात होणार नाही. आज तुम्ही दुआ दिलीत की कुणाची टाप आहे होणार नाही म्हणायची!’’

ही आमच्या लोकांची रीत बाहेरच्याला क्षुल्लक वाटेल. जेवणाच्या शेवटी सर्वांत वडील माणूस दोन्ही हातांची ओंजळ उघडतो, जे व्हावं ते बोलतो, सगळे आमीन म्हणून ओंजळी चेहऱ्यावरून फिरवतात. झालं. पण एकदा दुआ झाली की ते बोललेलं माणसाचं राहत नाही. ते कमी करायचं म्हणजे ज्याने दिलं त्याला खोटं पाडायचं. माणसं आजारपण लपवतात, कर्ज काढतात, पण वडीलधाऱ्याची दुआ खाली पडू देत नाहीत. कंपन्यांनी खेळाकडून ध्येय उचललं हे ठीक, आमच्या कंपन्यांनी त्याला दुआही जोडली. खडूने लिहायची गोष्ट अशी देवाच्या दारात नेऊन ठेवली, की परत आणता येऊ नये.

दुपारी माझं भाषण झालं. त्याला भाषण म्हणणं कठीण. मी आणलेले कागद उलटसुलट लागले. पदकाबद्दल ऐकायला आलेल्या तरुण मंडळींना मी विश्रांतीबद्दल सांगत बसलो. मोठ्या स्पर्धेआधी सराव कमी कसा करतात, आणि तेव्हा खेळाडू घाबरतो की आपण आळशी झालो, वगैरे. मागच्या बाकावरच्या एका हिशेबनीस मुलीने विचारलं, ‘‘अगाय, हरल्यावर तुमची मुलं काय करायची?’’ मी विचार करून खरं ते सांगितलं, ‘‘झोपायची.’’ सगळे हसले. शोल्पानही हसली, पण घड्याळ बघत. मग तिने विक्रीप्रमुखाला सांगितलं, अगायांना कारखाना दाखव. हा कायसार, चाळिशीचा, गोल, सतत बोलणारा, एका डोळ्याची पापणी मधूनच फडफडणारी. पांढरा डगला घालून तो मला शीतघरात घेऊन गेला. तिथे मी बर्फाचा वास घेतला आणि मला उगीच बरं वाटलं. एका बाजूला पेट्यांची रास छतापर्यंत गेली होती. ‘‘हे जाणार?’’ मी विचारलं. ‘‘हे येऊन बसलंय, अगाय,’’ कायसार म्हणाला. ‘‘आमचा आकडा महिन्याच्या शेवटी गाडीत बसून फिरायला जातो. माझ्या मेहुण्याच्या दुकानात, साडूच्या दुकानात, सासऱ्यांच्या गावच्या दुकानात. काचेवरची पट्टी हिरवी होते. पुढच्या महिन्यात आकडा दमून घरी येतो, जरासा आंबलेला.’’ तो हसला, पापणी फडफडली. ‘‘मॅडमना माहीत आहे?’’ ‘‘मॅडम समोर बघून धावणाऱ्या आहेत. त्यांना कोण सांगणार? आणि आज तुम्ही दुप्पट म्हणून दुआ द्याल. द्या, द्या, तुमचा मान आहे. मी फक्त एवढंच म्हणतो, पुढच्या वर्षी दुप्पट सासुरवाडी कुठून आणू? बायको एकच लग्न निभावून घेतेय.’’ मी हसलो आणि लगेच हसू विरलं, कारण बोलता बोलता तो एकेका पेटीची तारखेची बाजू भिंतीकडे वळवत होता. आमच्या धंद्यात हे शक्य नव्हतं. स्टॉपवॉच कुणाचा मेहुणा नसतं. पण ज्याचा पाय दुखतोय आणि जो दुखत नाही म्हणतोय असा माणूस मी ओळखतो; तेवढीच माझी विद्या.

बाहेर येऊन एका खुर्चीवर बसलो, आणि शोल्पानचं गाव आठवत राहिलं. ती एकोणीस वर्षांची होती. मोठ्या स्पर्धेच्या सरावाला निघताना गावाने घोडा कापून जेवण घातलं होतं आणि तिच्या आजोबांनी सगळ्या गावासमोर ओंजळ उघडून म्हटलं होतं, सोनं घेऊन ये. मधल्या हिवाळ्यात तिचा डावा गुडघा सुजला. कुल्यानने तो दाबून बघितला आणि रात्री मला म्हणाली, ‘‘याच आकड्याने धावली तर हा फाटेल. आयुष्यभर लंगडेल पोर. लहान कर.’’ मी लहान केला. फेरीमागे थोडा, अगदी कानामागे लपेल एवढा. त्या आकड्याने पदक नव्हतं, पण गुडघा होता. पण दुआचं काय करायचं? शोल्पानला सांगितलं असतं तर ती मेली असती, पण आजोबांना खाली बघायला लावलं नसतं. मग कुल्याननेच मार्ग काढला. आम्ही दोघं गाडीने माळरानात गेलो. खिडकीतून दिवसभर नुसता बर्फ आणि तारेचे खांब. कुल्यानने म्हाताऱ्यासमोर कापडाचा तागा आणि साखर ठेवली आणि म्हणाली, ‘‘आजोबा, मी रिकाम्या हाताने जाणार नाही. मला एक नवी दुआ हवी. पोर आपल्या पायांनी घरी येवो, एवढीच.’’ तो मेंढपाळ होता, त्याला पाय म्हणजे काय ते कळत होतं. त्याने ओंजळ उघडली. परतताना कुल्यान माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली आणि मी जागा राहून मनात म्हणत होतो, मी आज कुणालातरी वाचवलं. शोल्पानला आम्ही तळावर परत आल्यावर सांगितलं, आजोबांनी नवी दुआ दिली आहे. तिने मान हलवली. फळ्यावरचा नवा आकडा बघितला. आणि तंतोतंत त्या आकड्याने धावली. पाचवी आली. काठावर कुल्यान रडत होती आणि मी तिच्या टोपीवरचा बर्फ झटकत होतो. आम्ही दोघं एवढे सुखी क्वचितच होतो.

जेवणाला मोठा दिवाणखाना माणसांनी भरला होता. मला वरच्या जागी बसवलं आणि रिवाजाप्रमाणे मेंढराचं डोकं माझ्यासमोर आणून ठेवलं. आता ते मी कापून वाटायचं. मला ते कधीच नीट जमलेलं नाही. कान एका पोराला दिला, टाळू शोल्पानला, आणि सुरी घसरून एक तुकडा थेट कायसारच्या ताटात उडाला. ‘‘बघा, अगायांनी मला न मागता दिलं,’’ तो ओरडला, ‘‘आता पगारही असाच उडत येवो!’’ खूप हशा झाला. शोल्पान माझ्या उजव्या हाताला बसली होती. ती हसत नव्हती. ती काही खातही नव्हती. ती माझ्या हातांकडे बघत होती, केव्हा ते उघडतात याची वाट बघत. शेवटी वाडगे बाजूला झाले. ती उभी राहिली, तो आकडा तिने सगळ्यांना मोठ्याने सांगितला, आणि बसताना माझ्या कानाशी म्हणाली, ‘‘आकड्यासकट बोला हं, अगाय.’’ तिचा आवाज एकोणीस वर्षांच्या पोरीचा होता. मी ओंजळ उघडली. समोर ओंजळीच ओंजळी उघडल्या, मऊ, खरबरीत, अंगठ्या घातलेल्या, आणि मधे कायसारची. चारचौघांत बोलताना माझी जीभ नेहमीच टाळूला चिकटते. त्या संध्याकाळी ती सुटली, पण आकडा तेवढा निघाला नाही. मी म्हणालो, ‘‘या दस्तरखानाला आज जे बसलेत, ते सगळे पुढच्या शरदात इथेच बसोत. कुणाची जागा रिकामी न राहो. जे काम हाती घ्याल ते होवो, आणि हातही शाबूत राहोत. आमीन.’’ सगळ्यांनी आमीन म्हणून चेहऱ्यावरून हात फिरवले. खुर्च्या सरकल्या. फक्त शोल्पानची ओंजळ तशीच हवेत राहिली, उघडी, जणू कुणी काहीतरी घालायचं राहून गेलंय. मग तिने ती हळूच मिटली आणि मांडीवर ठेवली. चेहऱ्यावरून फिरवली नाही.

तिने मला घरी सोडलं. ड्रायव्हरला घरी पाठवून ती स्वतः गाडी चालवत होती. पॉपलरच्या झाडांची पानं काचेवर येऊन चिकटत होती. मी कायसारचं नाव न घेता त्या पेट्यांचं कसं सांगावं, त्याची वाक्यं जुळवत होतो. मग सिग्नलला ती म्हणाली, ‘‘दोनदा झालं, अगाय.’’

‘‘काय?’’

‘‘माझा आकडा तुम्ही दोनदा कापलात. पहिल्यांदा मी काही बोलले नाही. पोर होते. आज सगळ्यांसमोर कापलात.’’ मी म्हणालो, गुडघा, शोल्पान, गुडघा गेला असता. ‘‘गेला असता. कदाचित नसता गेला. तुम्हाला काय ठाऊक? तुम्ही दोघं माझ्या आजोबांकडे गेलात. दिवसभर गाडीत बसून गेलात. मी तुमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर होते. माझ्याकडे कुणी आलं नाही.’’ सिग्नल सुटला तरी तिने गाडी हलवली नाही. मागून कुणीतरी भोंगा वाजवला. ‘‘शेवटच्या फेरीत माझ्या अंगात जोर शिल्लक होता. तुमच्या आकड्याने धावले ना मी. लोक रेषेपलीकडे जाऊन कोसळत होते आणि मी उभी होते. सरळ श्वास चालू होता. पाचवी आलेली मुलगी अशी उभी असते का? तो जोर कुठे गेला नाही. मुलं झाली, नवरा गेला, धंदा केला, तरी तो आहे तिथेच आहे. रोज सकाळी माझ्या आधी उठून बसतो. सांगा ना, तुम्ही तर आकडे काढणारे. कुठे ठेवू तो?’’

मागचा भोंगा थांबेना. मला तिच्या खांद्यावर हात ठेवायचा होता. आयुष्यभर काठावर उभं राहिलेल्या माणसाला तेवढंही जमत नाही. मी म्हणालो, ‘‘इथून डावीकडे वळ.’’ तिने डावीकडे वळवली. दाराशी गाडी थांबली तेव्हा तिने खाली उतरून माझं दार उघडलं, करड्या कोटाची कॉलर नीट केली, ‘‘थंडी आहे, अगाय, सांभाळा,’’ म्हणाली आणि गेली. रागावली असती तर बरं झालं असतं.

त्या रात्री झोप लागली नाही असं नाही. मी झोपलो, आणि पहाटे उठलो तेव्हा कुल्यानचा आवाज कानात होता, अगदी जवळ. तिच्या आजारपणात तिचा थोरला भाऊ तोलेगेन आला होता. मोठा, दणदणीत माणूस. पाहुण्यांनी खोली भरली होती. त्याने ओंजळ उघडून जाहीर केलं, ‘‘माझी बहीण पणतवाच्या पायांची दोरी स्वतःच्या हाताने कापेल!’’ आमच्याकडे मूल पहिली पावलं टाकायला लागलं की त्याच्या पायांना दोरी बांधतात, आणि जिची चाल मुलाला यावीशी वाटते तिच्याकडून ती कापून घेतात. कुल्यान ताठ चालायची; नात्यातल्या कितीतरी पोरांच्या दोऱ्या तिने कापल्या होत्या. पण पणतू तेव्हा नुसता कुशीवर वळत होता, आणि डॉक्टरांनी मला जे सांगितलं होतं ते तिलाही डॉक्टर म्हणून कळत होतं. आमीन, सगळे म्हणाले. तिनेही म्हटलं. त्या दिवसापासून पाहुणे आले की ती उठून बसायची, केस विंचरायला लावायची, घामाने भिजून हसायची. पाहुणे गेले की भिंतीकडे तोंड करायची. एकदा तशीच, भिंतीकडे बघत म्हणाली, ‘‘ए म्हाताऱ्या, हा आकडा मला जड आहे. लहान करायचा.’’ मी पलंगाच्या काठावर बसलो. म्हटलं, करूया. बाळ बसायला लागेल तेवढ्यापर्यंत... ‘‘तू गप्प. तू नको सांगूस. मी सांगते.’’ आणि तिने सांगितलं, जर्दाळूला फूल येईपर्यंत. पुढे म्हणाली, खिडकीपर्यंत चालत जायचं. मग खिडकीही लांब झाली, तेव्हा म्हणाली, आज चहा न सांडता प्यायचा. रोज संध्याकाळी मी विचारायचो, उद्याचं काय ठरवायचं, आणि ती डोळे मिटून विचार करायची, खरंच विचार करायची, मोठ्या स्पर्धेआधी मुली करायच्या तसा. आणि ठरवलेलं पुरं केलं की तिच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी कुठल्या व्यासपीठावर बघितलेलं नाही. शेवटी दृष्टी अंधुक झाली, नातेवाईक पाळीपाळीने हात धरून बसायचे, तेव्हा म्हणाली, आज फक्त तुझा हात ओळखायचा. मुलीचा हात आला, भावाचा आला, ती हलली नाही. माझा आला तेव्हा बोट दाबलं. ‘‘हा म्हाताऱ्याचा,’’ ती म्हणाली, ‘‘कागदासारखा कोरडा.’’ त्या दिवशीचं तिचं तेवढंच होतं, आणि ते तिने केलं. दुसऱ्या दिवसासाठी तिने काही ठरवलं नव्हतं. तो तिला लागलाही नाही.

‘तू नको सांगूस. मी सांगते.’ हे मी तेव्हा ऐकलं होतं, आणि आजारी माणसाचा हट्ट म्हणून सोडून दिलं होतं. आता पहाटे, थंड स्वयंपाकघरात, ते मला शोल्पानच्या आवाजात ऐकू येत होतं. मी आयुष्यभर लोकांचे आकडे लहान केले, कधी मोठे केले, आणि बहुतेक वेळा बरोबर केले असतील. कुणाचा आकडा त्याच्याच तोंडून ऐकल्याचं मला आठवेना. अपवाद फक्त बायकोचा, आणि तोही तिने मला गप्प केलं म्हणून. मी टेबल पुसलं, कागद घेतला. या वेळी ‘ध्येय’ हा शब्द आला आणि पेन थांबलं नाही.

‘प्रिय शोल्पान,

तुझं वसंतातलं पत्र मिळालं होतं. तुझा गुडघा फाटला असता की नाही, मला माहीत नाही. तेव्हा वाटायचं माहीत आहे. आकडा काढणं मला येत होतं. तुला समोर बसवून, पोरी, तुला काय हवंय आणि त्यासाठी काय गमवायची तयारी आहे, एवढं विचारायला जे लागतं ते माझ्याकडे नव्हतं. म्हाताऱ्या मेंढपाळाला विचारणं सोपं होतं, म्हणून माळरानात गेलो. कुल्यान मला नंतर हे शिकवून गेली. कसं, ते भेटशील तेव्हा सांगेन. कागदावर मला ते अजून लिहिता येत नाही.

शिल्लक जोर कुठे ठेवायचा, हे मला ठाऊक नाही. तो परत मिळवून देणारी शर्यत नाही, आणि ती आहे असं मी म्हणणार नाही. पण तो तुझा आहे, कंपनीतल्या माणसांचा नाही. काचेवर छापण्याआधी एकेकाला आत बोलाव, दार लाव आणि विचार, तुझा आकडा किती. जो सांगतील तो ऐकून घे. लहान असला तर चिडू नकोस. काही जण तुला घाबरून मोठा सांगतील. त्यांना पुन्हा विचार.

आणि तुला माझी दुआ हवीच असेल तर एकटी ये. तुझा स्वतःचा आकडा तू तोंडाने बोल. तो तुला मोडणारा असला तरी मी ओंजळ उघडीन आणि तू म्हणशील तेच म्हणेन. मला भीती वाटेल. पण उघडीन.’

खाली सही केली. ‘अगाय’ लिहिलं होतं ते खोडून नाव लिहिलं. दुसऱ्यांदा वाचलं असतं तर ते पुस्तकात गेलं असतं, म्हणून वाचलं नाही. पाकीट चिकटवलं आणि करडा कोट घालून खाली गेलो. कोपऱ्यावरच्या निळ्या टपालपेटीत हल्ली कुणी काही टाकत नाही. पावाच्या दुकानातली बाई दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी पत्र फटीत सरकवलं. आवाज आला नाही. अडकलं असेल असं वाटलं, म्हणून मी बोटं आत घालून चाचपलं, मनगटापर्यंत हात घातला, इकडेतिकडे फिरवला. ‘‘काही हरवलं का, आजोबा?’’ बाईने विचारलं. आत नुसता थंड पत्रा लागत होता. पत्र हाताला लागलं नाही. म्हणजे गेलं होतं.